वहीत नणंद नको

टाक दौतीत बुडवण्याआधी माझी शेजारीण तो स्वतःच्या केसांना पुसायची. तेल लागलं की टोक कागदात अडकत नाही, हे तिचं शास्त्र. मग डोळे बारीक करून विचारायची, "सांग, आज काय घडलं?"

"काय घडतंय? भाकऱ्या घडल्या."

"मग त्येच लिव्ह. आज लिव्हलं न्हाईस तर उद्या खोटं वाटंल."

तंबाखूच्या हंगामात तुम्ही कधी निपाणीत राहिला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, वखारीत तंबाखू चाळायला लागले की सगळी गल्ली शिंकते. त्या शिंकांमध्येच आमची ओळख झाली. मी बेळगुंदीच्या शेतकऱ्याची लेक, नवी सून होऊन आलेली. ती शेजारच्या जैन घरातली, तंबाखूच्या व्यापाऱ्याची सून. मध्ये एक बुटकी भिंत. दोघी चौथी शिकलेल्या आणि दोघींना त्याचा भलता माज. इंग्रजांचं राज्य होतं म्हणे. आमच्यावर मात्र आपापल्या सासवांचं होतं.

वहीची कल्पना तिची. नवऱ्याच्या दुकानातली एक कोरी, लांबडी वही तिनं मागून आणली. "येक दिस तू लिव्हायचं, येक दिस मी. दोघींत मिळून येकच रोजनिशी." वही सुपात ठेवून, वर तांदूळ पसरून भिंतीवरून जायची-यायची. लपवण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. पण लपवलं की गोष्टीला चव येते.

माझी पानं कशी होती सांगू? 'आज म्हैस व्याली नाही.' दुसऱ्या पाळीला, 'आजही नाही.' आणि तिचं पान: 'शेजारच्या आत्याबाई शिंकल्या, हातातलं ताक सांडलं, मांजरानं देवाचे आभार मानले.' आमचीच सासू, आमचंच ताक, आणि मजा मात्र तिच्या पानावर. तेव्हापासूनच मी जळत होते. पण ते जळणं चुलीतल्या निखाऱ्यासारखं, राखेखालचं. फुंकर घातली ती नणंदेनं.

तिची धाकटी नणंद आजोळी, चिकोडीला वाढलेली. लग्नाची झाली म्हणून तिला निपाणीला आणलं. झालं, वहीत नणंद शिरली. 'आज पोरीनं असं केलं, आज पोरगी तसं म्हणाली.' आणि जैनांच्या घरी सूर्य बुडायच्या आत जेवणं उरकतात. त्यामुळं दिवेलागणीला मी चूल फुंकत असायची, आणि त्या दोघी मागच्या पायरीवर बसून खिदळत असायच्या. धूर माझ्या डोळ्यांत, हसू त्यांच्या तोंडात.

मी घरात सांगून टाकलं, मीपण सूर्य बुडल्यावर जेवणार नाही. सासूबाई हरखल्या. गल्लीभर सांगून आल्या, सून कशी पुण्यवान मिळाली. पण बाकीच्यांच्या भाकऱ्या काही चुकल्या नाहीत. आधी घाईघाईनं जेवायचं, पायरीवर पळायचं, हाक आली की परत येऊन पुण्यवान असल्यासारखं तोंड करून भाकऱ्या थापायच्या. त्यात भूक लागायची ती वेगळीच. एकदा गुळाचा खडा तोंडात आणि सासूबाई दारात.

"देवाला अंधारात गूळ चालतोय वाटतं," एवढंच म्हणाल्या. व्रत संपलं.

मग मी भिंतीशी जाऊन निर्वाणीचं बोलले. "वही दोघींची हाय. त्यात नणंद नको."

ती हसली. "तुझी सासू चालती, दीर चालतोय, म्हस चालती. माझी नणंद तेवढी नको?"

"नको."

"बरं गं बाई."

तिनं शब्द पाळला. मोठ्या पंचाईतीची गोष्ट. कारण तिचं पान आता असं येऊ लागलं: 'भात केला. ऊन होतं.' माझ्या म्हशीला शोभेलसं पान. मी जिंकले होते आणि वाचायला काही उरलं नव्हतं.

पुढल्या मार्गशीर्षात पोरीचं लग्न झालं, पार हुबळीच्या पलीकडं. त्या लोकांनी तिला पुन्हा माहेरी धाडलं नाही. सणाला नाही, बाळंतपणालाही नाही. एका दुपारी माझी मैत्रीण वही घेऊन उघड उघड दारातून आली. सूप नाही, तांदूळ नाहीत.

"पोरगी कशी हसायची गं? माझ्या डोळ्यापुढं तिची रडतानाचीच सूरत येती, गाडीत बसतानाची. वहीत बघितलं तर थोड्या पानांनंतर ती कुठंच न्हाय."

मी सांगायला लागले. हसताना ती आधी हुंदका दिल्यासारखी आत श्वास घ्यायची, मग हसू. शेंगदाण्याची सालं फुंकायची ती नेमकी समोरच्याच्या अंगावर. गजरा डाव्या कानावर ओघळलेला, आणि सरळ केला तर रागवायची. पाणी शेंदताना कानडी गुणगुणायची आणि घागर भरली की गाणं मध्येच सोडून द्यायची.

ती बघतच राहिली. "एवढं तुला कसं ठावं? तुला तर ती नको होती."

"म्हणूनच. आवडत्या माणसाकडं कोण एवढं बघत बसतंय?"

तिनं टाक केसांना पुसला आणि माझ्या हातात दिला. "लिव्ह."

"आज तुझी पाळी हाय."

"माझी पाळी तुला."

मी लिहीत गेले, पानामागून पान. ती खांद्यावरून वाचायची, हसायची, पदरानं नाक पुसायची. माझ्या म्हशीवर ती अशी कधी हसली नव्हती. माझ्याच हातानं मी त्या पोरीला वहीत पाट मांडून बसवलं, वर तूप वाढलं.

काही वर्षांनी तिच्या नवऱ्यानं दुकान हुबळीला हलवलं. वही कुणाची, हा प्रश्न आला. मी म्हटलं, मधून कापू. ती म्हणाली, "काप की. पोरगी कुठल्या तुकड्यात जाईल बघ." मी वही तिला दिली.

गेल्या वर्षी ती गेली. वही तिच्या सुनांकडं असेल. दुपारी निवांत त्या चाळत असतील, आणि माझ्या अक्षरावर येऊन म्हणत असतील, "ही कोण गं, आत्तींच्या नणंदेवर एवढा जीव लावणारी?"

आता एवढ्या लांब जाऊन त्यांना कोण सांगणार.