साडूच्या पाठीवरचे वळ

पडद्यावर कोणीही कोणाला मारो, आवाज ढिशूममास्तरांचा. ओला चामडी पट्टा वाळूच्या पोत्यावर ते असा ओढत की मरतुकडा नायकही पैलवान वाटावा. त्यांचा अख्खा संसार त्या पोत्याच्या जिवावर उभा होता.

मग सरकार डळमळलं. रोज मोर्चे, रोज लाठ्या. खरी लाठी चौकात ऐकून आलेले लोक थिएटरात मास्तरांची लाठी ऐकून हसायला लागले. दिग्दर्शकाने नव्या सिनेमाचं काम काढून घेतलं आणि दिलं कोणाला? मास्तरांच्या साडूला! ज्याला पट्टा धरायला मास्तरांनीच शिकवलं, त्याला.

त्यात बायको जेवताना म्हणाली, "धाकटीच्या नवऱ्याने नाव काढलं हो!" मास्तरांना घास गिळवेना.

शेवटी न राहवून ते साडूकडे गेले. "बघू तरी, कुठलं पोतं आणलंयस?"

"पोतं कसलं, दादा." साडूने शर्ट वर केला. पाठभर काळेनिळे वळ. "मोर्च्यात सापडलो. काठीचा आवाज मला आलाच नाही. माझाच श्वास अडकलेला तेवढा ऐकू आला. तोच माइकसमोर काढतो."

दुसरा कोणी हळहळला असता. मास्तर मनात म्हणाले, लेकाचा नशीबवान!

दुसऱ्या दिवशी मास्तर मोर्च्यात. घोषणा कोणाविरुद्ध आहेत याच्याशी देणंघेणं नाही, नुसती पाठ तयार. लाठ्या सुरू झाल्या, माणसं पांगली. एक शिपाई काठी उगारून धावत आला. मास्तरांनी डोळे मिटले, कान टवकारले.

शिपायाने त्यांचा दंड धरून त्यांना फुटपाथवर नेऊन ठेवलं. "काका, या वयात कशाला? लागेल ना!"

धडधाकट परतलेल्या नवऱ्याला पाहून बायको सुखावली. "तुम्हाला साधं खरचटलंही नाही! आता हे मलम भाऊजींना नेऊन द्या, त्यांची पाठ सुजलीय म्हणे."

म्हणजे मलमही त्यालाच!

साडू पालथा पडला होता. मास्तरांनी बोटभर मलम घेतलं आणि सगळ्यात मोठ्या वळावर चोळलं. जरा जोरातच.

साडूचा श्वास मध्येच अडकला. ओरडणं नाही, कण्हणं नाही. आतल्या आत काहीतरी मोडल्यासारखा बारीक आवाज.

मास्तरांचा हात जागीच थांबला.

"काय दादा," साडू उशीत तोंड खुपसून म्हणाला, "एवढा चांगला निघाला, आणि माइक चालू नव्हता."

मास्तर फुंकर घालत घालत, हलक्या हाताने मलम लावत राहिले.