भावोजींचे तीस टक्के

माझे भावोजी वेधशाळेत आहेत. वादळ कुठे जाणार हे सांगणारे वेगळे. ते किती जोर धरणार, हे भावोजी सांगतात. शेकडो जुन्या वादळांच्या नोंदींवरून त्यांनी एक सूत्र बसवलंय. समुद्र किती तापलाय, वरचे वारे कसे आहेत, कालपासून जोर किती वाढलाय, एवढं घातलं की उद्याच्या वाऱ्याचा वेग बाहेर पडतो. सूत्र तसं गुणी, पण एखादं वादळ अचानक फुगलं की तोंडघशी पडतं, कारण त्याला सगळी वादळं मध्यमच वाटतात. कचेरीत भावोजींना 'सरासरी' म्हणतात ते उगाच नाही. भाजी कशी झालीय विचारलं तर हा माणूस म्हणतो, "नेहमीपेक्षा किंचित वर." बहीण पुढचं वाढायची थांबते.

आमची आई अगदी समुद्राला लागून एकटी राहते, पत्र्याच्या छपराखाली. यंदा एक वादळ नेमकं तिच्याच रोखाने निघालं. सूत्र म्हणालं, वारा मध्यमच राहील. भावोजींना चैन पडेना. त्यांनी जुन्या नोंदी उपसल्या, तर एवढ्या तापलेल्या पाण्यावरून गेलेल्या दर दहांतल्या तीन वादळांनी बघता बघता उग्र रूप घेतलं होतं. त्यांनी माझ्यासमोरच आईला फोन लावला आणि तीस टक्के धोका आहे, आमच्याकडे या, म्हणून सांगितलं.

"तीस टक्के म्हणजे काय हो?" आईने विचारलं.

"दहात तीनदा."

"म्हणजे दहात सातदा मी घरीच बरी की! आणि मांजरीला कोण बघणार?"

भावोजी शक्यता म्हणजे काय ते समजावायला लागले. आई फोन ठेवायच्या बेतात. माझं डोकं फिरलं. "भावोजी, सरळ सांगा ना, मोठं होणार म्हणून!"

"आकडा फुगवू?" ते माझ्यावर खेकसले. जसं काही मी दरोडा घालायला सांगत होते.

मग त्यांनी डोळे गच्च मिटले. "आई, मोठं होणार. शंभर टक्के. मांजर घ्या आणि निघा."

संध्याकाळी आई दारात हजर. काखेत मांजर, मांजरीच्या चेहऱ्यावर जगाचा राग.

वादळ किनाऱ्याला लागलं, ते सूत्राने सांगितलेल्या वेगाने. आईच्या छपराचा एक पत्रासुद्धा हलला नाही. आपला आकडा तंतोतंत बरोबर आल्याचं एवढं दुःख झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

सकाळी ते आईसमोर उभे राहिले. "मी खोटं बोललो. तीसच टक्के होते."

"ते मला तेव्हाच कळलं, जावईबापू. तुम्ही आणि शंभर टक्के!"

"मग निघालात कशा?"

आईने चहाचा कप खाली ठेवला. "लग्न झाल्यापासून मला 'अहो, ऐकलंत का' करत आलात. काल पहिल्यांदा 'आई' म्हणालात. म्हटलं, हा माणूस आपल्यासाठी खरंच घाबरलाय."

भावोजी चष्मा पुसत राहिले.

"पुढच्या वेळी दहा टक्के असले तरी येईन," आई म्हणाली. "फक्त तशीच हाक मारा."