मामाकडे कुणी काही मागेना

शेवटच्या दिवशी सकाळी मामाने माडी अर्धा पेलाच घेतली आणि विचारलं, "कुणी आलं होतं का गं?"

रोज विचारायचा. मी रोज नाही म्हणायचे. त्या दिवशी मला राहवलं नाही, म्हटलं, "मीच मागते. तुझा मासे कापायचा चाकू दे मला."

हसला. दोनच दात राहिले होते त्याचे. म्हणाला, "घरच्यांचं धरत नाहीत, ताइना. आणि चाकू काय, तूच वापरतेस की."

दुपारी ओहोटी लागली तेव्हा गेला. मी पाय चोळत होते.

तेबानो माझ्या आईचा सख्खा भाऊ. आई गेल्यावर त्यानेच मला आणि माझ्या भावाला, तिओतीला वाढवलं. आमच्या तबुआएरान बेटावर माणूस कोण कसा ते त्याच्याकडे किती जण मागायला येतात त्यावर कळतं. शेजारणीने पातेलं मागितलं, द्यायचं. भावकीने होडी मागितली, द्यायची. नाही म्हणायची सोय नाही, आणि मागणाऱ्यालाही त्यात लाज नाही. ज्याच्याकडे कुणी येत नाही तो असून नसल्यासारखा. मामा अकरा वर्षं तसा जगला.

आधी असं नव्हतं. आधी मामा बंदराचा माणूस होता. सरकारने त्याला शिक्का दिलेला, आणि जहाजावरच्या एका साहेबाने पिवळा रेनकोट. तो रेनकोट मामा कडक उन्हातसुद्धा घालायचा, घाम गाळत.

दर दहा दिवसांनी हवाईहून मोठं पांढरं जहाज यायचं, माणसांनी भरलेलं. आम्ही नाचायचो, शाळेची पोरं गायची, बाया कवड्यांच्या माळा विकायच्या. शाळेचे पत्रे त्यातूनच आले. पण जहाज काही आमच्यासाठी येत नव्हतं. अमेरिकेचा कायदा होता. जहाजावर झेंडा दुसऱ्या देशाचा असेल तर अमेरिकेत माणसं चढवायची, फिरवायची आणि परत अमेरिकेतच उतरवायची, असं नुसतं चालत नाही. मध्ये कुठला तरी परका देश लागला पाहिजे. हवाईला सगळ्यात जवळचा परका देश म्हणजे आम्ही, तोही दोन दिवसांच्या वाटेवर. मामा म्हणायचा, "त्यांना आपला नाच नको, आपला शिक्का हवाय."

आणि तसंच होतं. समुद्र खवळला की जहाज बाहेरच थांबायचं. एक साहेब छोट्या बोटीतून कागद घेऊन यायचा, मामा शिक्का मारायचा, जहाज माघारी. परका देश लागला, झालं काम. इकडे बाया शेवंड उकडून बसलेल्या, पोरं गणवेश घालून उभी. एकदा असं ओळीने तीन वेळा झालं.

चौथ्या खेपेच्या आदल्या दिवशी मिकाएरे आजा घरी आला. गावात त्याच्या शब्दावर कुणी बोलत नाही. चटईवर बसला, मासा खाल्ला, काटे नीट बाजूला लावले, मग म्हणाला, "तेबानो, मी मागायला आलोय."

"मागा की."

"उद्या माणसं उतरली नाहीत तर शिक्का मारू नको."

मामा म्हणाला, "आजा, शिक्का सरकारचा आहे."

"हात तर तुझा आहे ना?"

मी चुलीपाशी होते. मामा हो म्हणाला. न म्हणून करतो काय.

दुसऱ्या दिवशी लाटा धक्क्यावरून येत होत्या. साहेब आला तो नखशिखांत भिजलेला, कागद प्लास्टिकमध्ये. म्हणाला, या पाण्यात माणसं उतरवली तर कुणीतरी बुडेल, कृपा करून शिक्का द्या. तीनदा म्हणाला. खरंच बोलत होता, मामाला दिसत होतं. पाहुणा मागतोय आणि शिक्का रेनकोटच्या खिशात, आणि मामाने खिशातून हात काढला नाही. साहेब तसाच गेला. त्यांना अमेरिकेत माणशी दंड बसला म्हणे.

जहाज त्यानंतर दोनदा आलं. मग आलंच नाही.

गावाने काय धरलं, तर तेबानोने पाहुण्याचं मागणं मोडलं म्हणून जहाज यायचं बंद झालं. त्याच्याकडे मागायला येणं एकेकाने बंद केलं. भांडण नाही, शिवी नाही. आमच्या घरापुढून जाऊन मीठ चार घरं पलीकडे मागायचे. मिकाएरे आजा गप्प. मी बोलणार होते, तर मामाने मला बसवलं आणि म्हणाला, "मी तुझ्याकडे मागतो. बोलू नको." मग मी काय बोलणार.

तिओती मालवाहू जहाजांवर कामाला होता. दोन वर्षांनी सुट्टीवर आला आणि सभाघरात उभा राहून त्याने सगळं सांगितलं. त्या जहाजाच्या कंपनीने अमेरिकेचा झेंडा लावलेली जहाजं आणली, अमेरिकेच्याच झेंड्याच्या जहाजाला परका देश लागत नाही, ती आता हवाईतल्या हवाईत फिरतात. लोकांनी ऐकलं, माडी प्यायले, घरी गेले. मामाला सांगितलं तर म्हणाला, "पोरगं चांगलं आहे, माझ्यासाठी बोललं." त्याचा विश्वास बसलाच नाही. त्याच्या मनात तो ओला साहेबच होता.

शाईची डबी मात्र सुकू द्यायचा नाही. एकदा एक म्हातारं जोडपं शिडाच्या बोटीतून पाणी भरायला आलं, तर मामाने त्यांच्या पासपोर्टच्या पुस्तकात तीन पानांवर शिक्के मारले. आठ दिवस खुशीत होता.

त्याला पुरल्यावर तिसऱ्या दिवशी सगळे सभाघरात जेवायला बसले. मिकाएरे आजा काठी टेकत उठला. आता त्याला एका डोळ्याने दिसत नाही. माझ्यापुढे येऊन म्हणाला, "ताइना, मागायला आलोय. तेबानोचा पिवळा रेनकोट दे."

मी घरी जाऊन आणला. त्याने तो तिथेच अंगात घातला, एवढ्या उकाड्यात. बटणं लागेनात तर मी लावली. मग सगळ्यांकडे तोंड करून म्हणाला, "शिक्का मारू नको हे त्याच्याकडे मी मागितलं होतं. त्याने दिलं. मी सांगितलं नाही."

आणि खाली बसला. रडला नाही, काही नाही. भात खायला लागला.

मग शेजारची तेरेतियामावशी म्हणाली, तेबानोची बादली आहे का गं, मला हवी होती. तिच्या जावयाने गळ मागितले. कुणी पातेलं, कुणी वल्हं. ऊन उतरेपर्यंत माझी ये-जा चालू होती. शेवटी घरात मामाची चटई राहिली, तीही शाळेच्या बाईंनी मागितली. मी झटकली, गुंडाळली आणि दिली.