हंड्यांच्या रांगेतले फादर

बहात्तर सालची गोष्ट. विश्रांतवाडीच्या त्या वस्तीत पाणी यायचं नेमकं शाळेच्या वेळेला. बहुतेक पोरींच्या आया धुण्याभांड्याला गेलेल्या, म्हणून नळावर उभ्या राहायच्या त्याच, आणि फादर इनासांच्या वर्गातले बाक रिकामे!

फादर मूळचे वसईचे. दारोदार फिरून विनवण्या करून झाल्या, रागावून झालं. शेवटी एका सकाळी ते स्वतःच पांढऱ्या झग्यात रांगेत येऊन उभे राहिले. त्यांच्याच वर्गातल्या मथुराच्या हातातला हंडा त्यांनी ओढूनच घेतला.

"दे इकडं. घंटा झाली, पळ!"

"फादर, बायकांची रांग हाय ही," रांगेतली तुळजाबाई फटकन म्हणाली.

"मग भांडायचं तुम्ही बघा. मी नुसता उभा राहतो."

पुढं कितीतरी वर्षं ते उभे राहिले. त्यांच्यासमोर शिव्या द्यायची चोरी, त्यामुळे नळावरची भांडणं पार बेचव झाली.

तो नळ आता कुठला दिसायला! मथुराही मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली. परवा ती थकलेल्या फादरना भेटायला त्यांच्या आश्रमात गेली. तिनं नाव सांगितलं, शाळा सांगितली, पण त्यांना काही ओळख पटेना. शेवटी त्यांना पाणी तरी द्यावं म्हणून तिनं खोलीतल्या नळाखाली तांब्या धरला.

धार वाजली तसे फादर धडपडत उठून बसले.

"तू अजून इथंच?" ते खेकसले. "दे इकडं. घंटा झाली, पळ!"

मथुराबाईंनी तांब्या त्यांच्या हातात दिला, आणि साठी उलटलेल्या त्या बाई दारापर्यंत खरंच पळाल्या.