तळव्याखालचा आरसा

फोन आला तेव्हा मी दौंडच्या घरी ओट्यावर बसून पाय पुसत होतो. पलीकडून भाचा म्हणाला, "मामा, आप्पा गेले." झोपेतच गेले, असं नंतर कळलं. मी फडकं हातात धरून तसाच बसलो. आंघोळीनंतर बोटांच्या फटी कोरड्या करायची सवय मला त्यांनीच लावली होती.

आप्पा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, हौसाचे यजमान. मी त्यांना दाजी म्हणायचो, ते मला पाव्हणं. दोघांचेही वाडवडील मेंढरांमागं हिंडलेले. मी रेल्वेत लागलो आणि दौंडचा झालो. दाजींनी शिरूर तालुक्यात, पाबळच्या अलीकडं, माळ फोडून बाजरी आणि कांदा उभा केला. मेंढरं दहा-पाचावर आली, तरी बिरोबाच्या जत्रेत गजी नाचाच्या पुढं उभं राहायचा मान त्यांचाच होता. ढोल घुमायला लागला की दाजी वहाणा काढायचे, भंडारा कपाळाला लावायचे आणि रुमाल उडवत असे नाचायचे की पोरंसोरं थकून बाजूला व्हायची.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. दाजींना साखरेचा आजार होऊन बरीच वर्षं झाली होती. आता पाय जळायला लागले. मुंग्या यायच्या, रात्री गोधडीचं टोक लागलेलं सोसायचं नाही. हौसाच्या सांगण्यावरून मी त्यांना दौंडला आमच्या डॉक्टरांकडं नेलं. मलाही साखर होतीच, त्यामुळं ओळख होती. डॉक्टरांनी साखरेच्या औषधाबरोबर एक कॅप्सूल दिली. पाकिटावर बारीक अक्षरांत अल्फा लिपोइक अ‍ॅसिड असं छापलेलं होतं. सकाळी उपाशीपोटी एक घ्यायची. दाजी तपासणीसाठी रक्त द्यायला बाहेर गेले, तेव्हा डॉक्टर मला म्हणाले, "यानं आग कमी झाली तर चांगलंच. पण आग कमी झाली म्हणजे पाय बरा झाला, असं समजू नका. तळव्यांची जाणीव गेली आहे. रोज तळवे बघायचे आणि अनवाणी अजिबात चालायचं नाही. घरच्यांना नीट सांगा."

घरच्यांना सांगायचं काम माझं होतं. स्टेशनसमोर चहा पिताना दाजींनी विचारलं, "काय म्हनला डाक्टर?" जत्रा तोंडावर आलेली. अनवाणी चालू नका म्हणणं म्हणजे, दाजी, नाचू नका म्हणणं. त्यांचा चेहरा बघून माझी जीभ उचलेना. मी म्हणालो, "गोळी घ्या, आग कमी होईल." बाकीचं जत्रा झाल्यावर सांगू, असं मनाशी ठरवलं.

एकदा दाजींच्या ओल्या हातात एक कॅप्सूल फुटली. आतून पिवळी भुकटी सांडली, गंधकासारखा वास आला. दाजी तिच्याकडं बघतच राहिले. "पाव्हणं, ह्यात तर आपला भंडाराच भरलाय की," म्हणाले आणि बोट बुडवून त्यांनी ते कपाळाला लावलं. हौसा हसली, मीही हसलो. तेव्हापासून ते पाकीट देव्हाऱ्यात भंडाऱ्याच्या डबीशेजारी गेलं. रोज सकाळी दाजी वहाणा उंबऱ्याबाहेर काढून, अनवाणी देवापुढं उभे राहून गोळी घेऊ लागले. भंडाराच तो, पायांत काही घालून कसा घ्यायचा? आणि तसेच अनवाणी मेंढरांच्या वाड्यात जायचे. मी हे डोळ्यांनी बघितलं. तेव्हाही बोलता आलं असतं. पण त्यांची आग खरंच कमी झाली होती, ते झोपत होते, जत्रेत नाचले होते, आणि चांगल्या डॉक्टरकडं पाव्हण्यानंच नेलं म्हणून गावात माझं कौतुक चाललं होतं... ते मला गोड लागत होतं.

काही वर्षांनी बाजरीच्या रानात त्यांच्या उजव्या तळव्यात धसकट घुसलं. त्यांना कळलंच नाही. सारवलेल्या भुईवर रक्ताचा डाग दिसला, तो हौसाला कापलेल्या कोंबडीचा वाटला. वास यायला लागला तेव्हा उशीर झाला होता. पुण्याच्या दवाखान्यात गुडघ्याखाली पाय काढला. त्याआधी पेरणीच्या घाईत हौसाकडून थोडे दिवस गोळ्या आणायच्या राहिल्या होत्या. बिचारीनं तेच धरून ठेवलं. गोळी चुकली, म्हंजी भंडारा चुकला, म्हणून पाय गेला... भावकीनंही तेच धरलं.

दाजी मात्र दवाखान्यातून वेगळंच शिकून आले. बाजेवर बसल्या बसल्या आल्यागेल्याला म्हणायचे, "दावा तळवा." दाढीचा आरसा खाली धरून माझे पाय तर ते दर खेपेला तपासायचे. "माझं काम निम्मंच हाय आता," म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. असंच एकदा माझी टाच हातात घेऊन, वर न बघता त्यांनी विचारलं, "पाव्हणं, त्या दौंडच्या डाक्टरनं तवा ह्यातलं कायच सांगितलं न्हवतं का ओ?"

मी म्हणालो, "न्हाई. गर्दी लई होती."

त्यांनी मान हलवली आणि माझा दुसरा पाय मांडीवर घेतला.

दहाव्याला घाटावर हौसाचे चुलतदीर सगळ्यांसमोर बोलले की बाईनं गोळ्या चुकवल्या. हौसा खाली मान घालून म्हणाली, "व्हय, माझ्याच हातनं चुकलं." मी चार हातांवर उभा होतो. गप्प राहिलो. जे त्या दिवशी तिथं होते, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. ती गोळी आग कमी करण्यासाठी होती. थोडे दिवस चुकली म्हणून कुणाचा पाय जात नाही. पाय गेला तो जखम दिसली नाही म्हणून, आणि रोज बघायला सांगितलं होतं ते मी सांगितलं नाही म्हणून. हौसाचं काही चुकलेलं नाही.

हे लिहिलेलं छापायला देण्याआधी मी तिच्याकडं गेलो आणि सगळं सांगितलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग म्हणाली, "म्हंजी गोळीनं न्हाई गेला?"

"न्हाई."

"रोज बगितलं असतं तर..." एवढंच म्हणून ती उठून आत गेली. आता बाहेर येणार नाही, असं मला वाटलं. मी चपला शोधायला लागलो. तेवढ्यात ती आली. हातात दाजींचा आरसा होता, मागच्या कोपऱ्यावर त्यांच्या बोटांचा भंडारा अजून तसाच. माझ्या तोंडाकडं न बघता ती समोर भुईवर बसली.

"पाय दाव," म्हणाली.