पराठ्यांचा डबा

त्या आजोबांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. वाघोलीच्या पुढच्या एका रिसॉर्टमध्ये आम्ही दोन दिवस राहिलो होतो. नाश्ता भाड्यातच होता, पण दुपारच्या जेवणाचे दर वाचून माझी भूकच पळाली. मुलांची मात्र पळेना. म्हणून नाश्त्याचे चार पराठे मी हळूच बायकोच्या नव्या पर्समध्ये सरकवत होतो.

आजोबा शेजारच्या टेबलावरून बघत होते. डोक्यावर पोहण्याची टोपी, समोर रिकामा स्टीलचा डबा. पाण्यात ते एकदाही उतरलेले दिसले नव्हते.

"अहो, चोरताय कशाला? मागा की! नाही म्हणायला त्यांनाच लाज वाटते."

त्यांनी वेटरला आपल्या गोळ्यांच्या वेळा सांगितल्या आणि डबा भरून घेतला. वर म्हणाले, "झाकण जरा दाबा हो, आमच्या हातात जोर नाही." वेटरने झाकण दाबलं, शिवाय लोणचंही आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी मीही छाती पुढे काढून पराठे मागितले.

"देतो ना सर," वेटर म्हणाला. "डबा?"

डबा कुठला! बायकोने पर्स पोटाशी घट्ट धरली. आजोबांनी शांतपणे टोपी काढून माझ्यापुढे धरली.

"घ्या. कोरडीच आहे."

बायकोने मुकाट्याने पर्स उघडली.