पश्चिमेची जाळी

१२ फेब्रुवारी १९९८ रोजी प्रभावतीने म्हापशाहून ४,३७५ रुपयांची हिरवी शेडनेट आणली. डिचोलीजवळच्या आमच्या वाड्यावर अशी जाळी तोवर कुणी बांधली नव्हती. अननस उन्हाने भाजतात, एका अंगाने पांढरे पडून कुजतात, हे मात्र सगळ्यांना ठाऊक होते.

प्रभावती सावंतवाडीकडून लग्न होऊन आलेली. नवरा खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर. तिच्या अननसांची रस्त्याकडेची जमीन सामाईक, आणि दीर गोकुळदासला ती ट्रक उभे करायला भाड्याने द्यायची होती. या हंगामात अननस साधले नाहीत तर जागा ट्रकांना, असे ठरले.

"वयनी, ट्रक बरे. त्यांना ऊन बाधत नाही," तो म्हणाला.

"मग ट्रकाचीच फोड करून खा, भावजी."

तिने मांडव घालावा तशी बागेवर जाळी ताणली. फळे भाजली नाहीत. एप्रिलमध्ये पहिले फळ कापले, तेव्हा गोकुळदासने फोड तोंडात घातली आणि एक डोळा मिटला.

"वयनी, आता आमटीला कोकमाची सोलां नकोत."

प्रभावतीने वर पाहिले. रस्त्यावरच्या ट्रकांची लाल धूळ बसून जाळीचे छप्पर झाले होते. गार सावली पडते म्हणून ती खूश होती. फळांना पुरेसा उजेडच मिळत नव्हता. तिने जाळी धुतली. आठवड्यात ती पुन्हा लाल झाली, आणि विहिरीला तेवढे पाणी नव्हते.

दुपारचे ऊन अडवायला आमच्याकडे ओसरीच्या पश्चिमेला माडाच्या विणलेल्या चुडतांची झाप बांधतात. फळही भाजते ते दुपारनंतरच्याच उन्हाने. तिने जाळी उतरवली, शेजारच्या कृष्णनाथाचे बांबू आणले आणि प्रत्येक ओळीच्या पश्चिमेला ती उभी, थोडी कलती बांधली. नवऱ्याने सुटीच्या दिवशी खड्डे खणले. सकाळचे ऊन झाडांना मोकळे मिळू लागले. उभ्या जाळीवर धूळ फारशी ठरेना. काठीने झटकली की झाले. आपली चूक इतक्या निमूटपणे मोडून पुन्हा बांधणारे माणूस मी वाड्यावर दुसरे पाहिले नाही.

मेअखेरीस फळ पिवळेधमक उतरले. गोकुळदासने एक फोड खाल्ली, मग न विचारता दुसरी घेतली.

"ट्रकवाल्यांना काय सांगू?"

"सांगा, जागा भरली."

जमीन अननसांकडेच राहिली. कृष्णनाथाच्या बांबूंचे साठ रुपये अजून द्यायचे आहेत.